क्रूझवर सीपॅप न्यायचाय: सॉकेट, पाणी आणि डोलणारं टेबल

फोंडेकर विचारतात:

बाबांचं वय ६८. स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) आहे, म्हणून रोज रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लागतो. मशीन रेसमेड एअरसेन्स १०, ऑटो मोड, प्रेशर ८ ते १४, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) ४ वर. डिसेंबरमध्ये मुरगाव बंदरातून क्रूझवर चढायचं, लक्षद्वीप करून मुंबईला उतरायचं आणि विमानाने दाबोळीला परत. एकूण चार रात्री.

केबिनमध्ये पलंगाजवळ सॉकेट नसतो असं ऐकलंय. घरचा सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर चालेल का? डिस्टिल्ड वॉटर किती न्यायचं? बोट हलली तर मशीनमध्ये पाणी शिरेल का? बुकिंग एजंट प्रत्येक प्रश्नाला "सगळं मिळतं" एवढंच म्हणतो.

तारवटी यांचं उत्तर:

विजेचं मी सांगतो, पाण्याचं जाणकार सांगतील.

व्होल्टेजची चिंता सोडा. मशीनच्या अडॅप्टरच्या लेबलवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ छापलेलं असतं. केबिनमध्ये ११० मिळो वा २२०, अडॅप्टर मशीनला २४ व्होल्टच देणार. ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर काही विकत घेऊ नका. अडचण येते ती पिनेची आणि अंतराची.

बहुतेक क्रूझ जहाजांवर टेबलापाशी एक अमेरिकन चपट्या पिनांचा आणि एक युरोपियन दोन गोल पिनांचा सॉकेट असतो. आपली तीन पिनांची ५ अँपियरची पिन त्यात जात नाही. लोक मग विमानतळावरचा ठोकळ्यासारखा युनिव्हर्सल अडॅप्टर घेतात. युरोपियन सॉकेट भिंतीत खोल असतो. तो जड ठोकळा त्यात अर्धवट बसतो आणि इंजिनाच्या थरथरीने रात्रीतून सैल होतो. त्यापेक्षा मशीनच्या अडॅप्टरच्या मागे जी सुटी वायर लागते तिचं तोंड बघा, दोन भोकांचं आहे की तीन. त्याच तोंडाची पण युरोपियन पिन असलेली वायर घ्या. तोंड तीन भोकांचं असेल तर वायरही अर्थिंगवालीच हवी. ही वायर स्वस्त असते, कॉम्प्युटरचं सामान विकणाऱ्याकडे मिळते.

आता एक्स्टेन्शन बोर्ड. सर्ज प्रोटेक्टरवाला अजिबात नको. चढताना सामान एक्स-रेतून जातं, तिथेच तो काढून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. घरी सॉकेटच्या दोन तारांपैकी एक न्यूट्रल असते, म्हणजे ती कुठेतरी जमिनीला जोडलेली असते. जहाजावर बहुतेकदा तसं नसतं. हलच्या, म्हणजे लोखंडी सांगाड्याच्या, हिशेबाने दोन्ही तारा जिवंत असतात. सर्ज प्रोटेक्टरमध्ये तार आणि अर्थ यांच्यामध्ये एक घटक बसवलेला असतो, व्होल्टेज वाढलं की तो करंट अर्थकडे ढकलतो. जहाजात दुसरीकडे कुठे एका तारेचा हलशी संपर्क झाला तर उरलेल्या तारेचं हलच्या तुलनेत व्होल्टेज एकदम चढतं. हा घटक मग करंट सोडत राहतो, तापतो आणि पेटू शकतो. शिवाय त्याच्या आतला ब्रेकर एकच तार तोडतो, दुसरी चालूच राहते. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ मध्ये खास या बोर्डांबद्दल इशारा काढला होता.

म्हणून बुकिंग करतानाच कंपनीला लेखी कळवा: "प्रवाशाला सीपॅप लागतो, पलंगाजवळ सॉकेट किंवा जहाजाची एक्स्टेन्शन वायर हवी." मेलचं उत्तर छापून जवळ ठेवा. केबिनमध्ये शिरल्यावर पहिलं काम स्टुअर्डला सांगून ती वायर मागवणं. पहिल्याच संध्याकाळी सगळे मागतात आणि वायरी मोजक्या असतात. पलंगामागे, गादीखालीही बघा, काही केबिनमध्ये तिथे एक सॉकेट दडलेला असतो.

आणखी दोन गोष्टी. बाथरूममधला सॉकेट दाढीच्या मशीनपुरता असतो, तो जेमतेम २० वॅट देतो. तुमचा अडॅप्टर ९० वॅटचा. ह्युमिडिफायर तापला की तो सॉकेट बंद पडणार. आणि दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय काही केबिनमध्ये सॉकेट चालू होत नाहीत, तेव्हा रात्री कोणी कार्ड काढून बाहेर जाऊ नका.

निद्राकक्ष यांचं उत्तर:

तारवटी यांच्याशी पूर्ण सहमत. पुढचं माझ्याकडून.

एअरसेन्सच्या टाकीत वरच्या खुणेपर्यंत ३८० मिली बसतं. ४ वर रात्रभरात सगळं सहसा संपत नाही. रोज उरलेलं ओतून ताजं घालायचं धरलं तर चार रात्रींना दीड लिटर खूप झालं. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या, झाकणाला टेप, चेक-इनच्या बॅगेत. बाहेरचं पाणी आणि पेयं आणायला बऱ्याच कंपन्यांची मनाई असते, म्हणून डॉक्टरांच्या पत्रात "सीपॅपसाठी डिस्टिल्ड वॉटर" हे शब्द घालून घ्या. काही कंपन्या आधी कळवलं तर केबिनमध्येच ठेवतात.

संपलंच तर सीलबंद बाटलीतलं पिण्याचं पाणी एखाद-दोन रात्री चालतं. त्यात क्षार असतात, तळाला पांढरा थर धरतो एवढंच. घरी आल्यावर एक भाग साधा व्हिनेगर आणि दहा भाग पाणी यात टाकी भिजवून स्वच्छ धुवा. बाथरूमच्या नळाचं पाणी मात्र टाकीत नको. कोमट साठ्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढू शकतो, आणि आपण ती हवा थेट श्वासात घेणार.

आता मशीनची जागा. ते पलंगाच्या पातळीला किंवा थोडं खाली असावं म्हणजे नळीतलं पाणी तोंडाकडे न येता मागे उतरतं. पण जमिनीवर नको, रात्री पाय लागतो. ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळीदार चटई मशीनच्या आकाराची कापून खाली घाला, म्हणजे ते घसरत नाही. टाकी खुणेपर्यंत न भरता निम्मीच भरा. जहाज कलल्यावर काठोकाठ पाणी मशीनच्या हवेच्या वाटेत शिरतं आणि नळीत गुडगुड ऐकू येते. तसं झालं तर बंद करून प्लग काढा, टाकी काढा, मशीन हलवून पाणी निथळवा आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच लावा. आणि मशीन उचलण्याआधी टाकी काढायची हा नियम घरीसुद्धा पाळा. टाकी न काढता उचललं तरी पाणी आत शिरून मशीन बिघडतं.

गोव्यातल्या लोकांची एक खास चूक सांगते. पावसाळ्यात आपण ह्युमिडिफायर बंद ठेवतो, आणि वाटतं समुद्रावर तर दमटच असणार. केबिनमध्ये मध्यवर्ती एसी असतो, हवा कोरडी आणि थंड. बंद ठेवला तर दुसऱ्या रात्री नाक बंद, तोंड उघडं, मास्कमधून गळती. उलट जास्त वाढवला तर थंड नळीत वाफेचं पाणी होऊन नाकावर थेंब येतात. ३ किंवा ४ वर ठेवा, थेंब आले तर एकेक अंक कमी करा, नळी चादरीखालून घ्या किंवा तिला कापडी आवरण घाला. बाल्कनीचं दार उघडं ठेवून एसी चालू ठेवला तर थेंब हमखास येणार.

सगळ्यात गंभीर मुद्दा शेवटी लिहिते, पण वाचा आधी हाच. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बाबांना बोट लागत असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारा की चार रात्रींपुरता नाकाचा मास्क चालेल का, आणि घरी आठवडाभर सवय करू द्या. मास्क एका हाताने झटक्यात काढायची तालीम करून घ्या, बहुतेक मास्कना चुंबकी किंवा दाबाची क्लिप असते. पेसमेकर असेल तर चुंबकवाला मास्क नकोच, बिनचुंबकाचा घ्या. मळमळायला लागलं की मास्क काढून उठून बसायचं, पोट शांत झाल्यावर परत. अ‍ॅव्होमिनसारख्या उलटीवरच्या गोळ्यांनी गुंगी येते, अ‍ॅप्नियाच्या माणसाने त्या स्वतःहून घेऊ नयेत. दारूही रात्रीच्या आधी काही तास बंद, ती घशाचे स्नायू ढिले करते आणि प्रेशर अपुरं पडतं.

म्हापश्याचो यांचं उत्तर:

इतकी कटकट कशाला? प्रवासाचं छोटं मशीन घ्या, ३०० ग्रॅमचं येतं, पाणीच लागत नाही.

निद्राकक्ष:

बाब, ते एअरमिनी. त्याला पाणी लागत नाही कारण मास्कजवळच्या छोट्या फिल्टरसारख्या तुकड्यात श्वासातला ओलावा अडतो. पण ते ठरावीक मास्कशीच जोडतं, प्रत्येक मास्कला तो तुकडा बसत नाही, आणि आवाज थोडा जास्त येतो. चार रात्रींसाठी नवं मशीन, नवा मास्क, नवं प्रेशर सेट करणं म्हणजे निष्कारण खर्च. वर्षाला चार-पाच प्रवास असतील तर विचार करा.

फोंडेकर:

देव बरें करूं, दोघांनाही! दोन शंका राहिल्या. बॅटरी न्यावी का? आणि डिस्टिल्ड वॉटर म्हणून पेट्रोल पंपावर मिळतं तेच का? एसीतून गळणारं पाणी शुद्ध असतं म्हणतात, तेही चालेल का?

सर्जिकलकर यांचं उत्तर:

पंपावरचं आणि इन्व्हर्टरचं पाणी बॅटरीसाठी असतं. क्षार नसले तरी ते भरताना, साठवताना कोणी जंतूंचा विचार केलेला नसतो. एसीचं पाणी तर धूळ-बुरशीच्या कॉइलवरून आलेलं. दोन्ही नकोत. औषधाच्या किंवा सर्जिकलच्या दुकानात एक लिटर किंवा पाच लिटरचा सीलबंद कॅन मागा. लक्षद्वीपला उतरून शोधू म्हणाल तर वेळ वाया जाईल, फोंड्यातच घ्या.

बॅटरीबद्दल हिशेब असा. ह्युमिडिफायर आणि गरम नळी दोन्ही बंद ठेवली तर मध्यम प्रेशरला मशीन साधारण १० वॅटच्या आसपास खातं. आठ तासांना ८० वॅट-तास. म्हणजे ९५-९९ वॅट-तासांची बॅटरी एक रात्र कशीबशी काढते. ह्युमिडिफायर लावला की तीच बॅटरी दोन-तीन तासांत खलास. एअरसेन्सला २४ व्होल्ट लागतात, १२ व्होल्टची पॉवर बँक सरळ जोडून काही होत नाही, कंपनीचा डीसी कन्व्हर्टर हवा. यूएसबीतून तर विसराच.

जहाजावर जनरेटर एकापेक्षा जास्त असतात, म्हणून क्रूझसाठी एवढ्या खर्चाची बॅटरी मी विकणार नाही. वीज क्षणभर गेली तर माणूस गुदमरत नाही. नाक-तोंडाच्या मास्कमध्ये एक झडप असते, हवा थांबली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. घरून निघण्याआधी ती झडप चिकटलेली नाही ना ते बघा, कारण वाळलेला साबण तिथेच अडकतो.

न्यायचीच असेल तर जहाज कंपनीला आधी विचारा. विमानात सुटी लिथियम बॅटरी फक्त हातसामानात जाते. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची लागते, १६० च्या वर प्रवासी सामानात बंदी. लेबलवर वॅट-तास नसतील तर व्होल्ट गुणिले अँपियर-तास करा. लेबल खरवडलेली बॅटरी सुरक्षा तपासणीत अडते.

सोबत ठेवायचं सामान: दोन सुटे फिल्टर, मास्कची एक जादा गादी (चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग), सौम्य साबणाची छोटी बाटली. गादी रोज सकाळी धुवायची. मायक्रोफायबरचं फडकंही घ्या, जहाजाच्या टॉवेलचे धागे गादीला चिकटतात.

तारवटी:

मशीनच्या पडद्यावर सिग्नल नसल्याची खूण दिसेल, घाबरू नका. खुल्या समुद्रात मोबाइल टॉवर नाही. रात्रीची नोंद एसडी कार्डात साठते, कार्ड आतच ठेवा. एअरप्लेन मोड लावला तरी उपचार तसाच चालतो.

फोंडेकर:

शेवटचा प्रश्न. मुंबईला उतरताना मोठं सामान आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात म्हणे. मग मशीनचं काय?

तारवटी:

मोठ्या जहाजांवर तसंच असतं. मशीनची बॅग वेगळी, हातात ठेवायची, दाराबाहेरच्या सामानात जायला नको. वायर, फिल्टर, डॉक्टरांचं पत्र त्याच बॅगेत. शेवटच्या सकाळी टाकीतलं पाणी ओता, टाकी पुसून झाकण उघडं ठेवून पंधरा मिनिटं वाळवा, मगच बॅगेत. नळी हलवून आतले थेंब काढा. जहाजाची एक्स्टेन्शन वायर मागे ठेवायला विसरू नका, नाहीतर ती बिलात लागते. बंदरातून विमानतळावर सरळ जाणार असाल तर मशीन चेक-इनमध्ये देऊ नका. चेक-इन काउंटरवर "मेडिकल डिव्हाइस" म्हणा आणि पत्र दाखवा. तिकीट काढताना एअरलाइनला कळवलेलं असेल तर बहुतेकदा जादा हातबॅग म्हणून जाऊ देतात.