मदत हवी आहे: वाचनालयाच्या संकेतस्थळाचा मेन्यू विभागांनुसार असावा की वाचकाच्या कामानुसार?

नमस्कार. गिरगावातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाची फेररचना मी गेले तीन महिने स्वेच्छेने करीत आहे. माझा व्यवसाय वेब डेव्हलपमेंटचा असल्यामुळे पाने बांधणे मला जमते. पण कोणती माहिती कोठे ठेवावी आणि तिला काय नाव द्यावे, या प्रश्नाशी मी अडलो आहे.

सध्याचा मेन्यू कार्यकारी मंडळातील कामाच्या वाटणीवरून बेतलेला आहे: ग्रंथविभाग, संदर्भविभाग, बालविभाग, उपक्रम समिती, कार्यालय. संस्थेत वावरणाऱ्याला तो सरळ वाटतो. पण जूनमध्ये एक ज्येष्ठ सभासद बोरिवलीहून भर पावसात आल्या, चर्नी रोडला उतरून चालत वाचनालयापर्यंत पोहोचल्या, आणि साप्ताहिक सुट्टी असल्यामुळे दाराला कुलूप होते. निघण्यापूर्वी त्यांनी फोनवर संकेतस्थळ उघडून पाहिले होते. सुट्टीचा वार आम्ही ‘कार्यालय’ या टॅबखाली, ‘नियमावली’ नावाच्या पीडीएफमध्ये, अकराव्या कलमात लिहिलेला आहे. पान बोटांनी मोठे करीत अकराव्या कलमापर्यंत त्यांनी जावे, अशी अपेक्षा ठेवणेच चूक होते. ही गोष्ट मला फार लागली आणि मी हे काम अंगावर घेतले.

पहिली पायरी म्हणून वाचनकक्षातील लांब टेबलावर कार्ड सॉर्टिंग केले. संकेतस्थळावरील मजकुराच्या ४० चिठ्ठ्या केल्या आणि १६ सभासदांना, एकेकाला स्वतंत्रपणे, त्यांचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्याला नाव देण्यास सांगितले. ‘वर्गणी’, ‘अनामत रक्कम’ आणि ‘पुस्तक हरवल्यास’ या चिठ्ठ्या जवळजवळ सर्वांनी एकत्र ठेवल्या. त्यापुढे मात्र वाटा फुटल्या. ज्येष्ठ वाचकांनी वास्तूप्रमाणे गठ्ठे केले: ‘खालच्या काउंटरवरचे’, ‘वरच्या मजल्यावरचे’. अभ्यासिकेत बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी कामाप्रमाणे केले: ‘जागा हवी’, ‘पुस्तक हवे’, ‘पैसे भरायचे’. ‘दिवाळी अंक’ ही एकच चिठ्ठी चार निरनिराळ्या गठ्ठ्यांत गेली, कारण कोणाच्या लेखी ते नियतकालिक आहे, कोणाच्या लेखी नवी आवक, कोणाच्या लेखी पुस्तकच, तर कोणाच्या लेखी वेगळी वर्गणी भरून घ्यायची योजना. एक आजोबा ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरून बसले आणि शेवटी त्यांनी ती माझ्याकडे परत दिली.

माझा पहिला प्रश्न असा, की या दोन प्रकारच्या वाचकांपैकी कोणाचे वर्गीकरण मुख्य मानावे, आणि ते कशाच्या आधारे ठरवावे? दुसरा प्रश्न दिवाळी अंकांचा: एकच गोष्ट अनेक ठिकाणी दाखवल्यास वाचकाचा गोंधळ वाढतो का? आमच्या ग्रंथपालबाईंनी या संदर्भात भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची आठवण करून दिली. ग्रंथालयशास्त्राच्या त्यांच्या पाच नियमांपैकी (१९३१) चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे, आणि १९३३च्या द्विबिंदू वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथांची विषयवार मांडणी करण्याच्या आपल्या पद्धतीत, त्यांनी एकाच ग्रंथाकडे निरनिराळ्या पैलूंनी पाहण्याची सोय केली. हा विचार मेन्यूत कसा उतरवावा, हे मला नीट कळलेले नाही.

तिसरा प्रश्न शोधपेटीचा आणि वर्णक्रमाचा. आमच्या सूचीत ‘ॲ’ काही ठिकाणी एकाच संकेतांकाने (संगणक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो त्याने) टंकलेला आहे, तर काही ठिकाणी ‘अ’ला चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. शोधात मात्र एक लिहिल्यास दुसरे सापडत नाही. लेखकांच्या यादीत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो आणि ‘क्ष’ने सुरू होणारी नावे ‘क’मध्ये मिसळतात. मराठी वाचक ती ‘ह’नंतर शोधतात.

प्रतिसाद

आपण चिठ्ठ्यांपासून सुरुवात केलीत, हे उत्तम झाले. मात्र लोक काय एकत्र ठेवतात, एवढेच कार्ड सॉर्टिंग सांगते. कोठे शोधतात, ते ट्री टेस्टिंगने कळते. दोन्ही रचनांचे मेन्यू, चित्रे व रंग न वापरता, नुसते शब्दांत कागदावर लिहा. नव्या सभासदांना सहा-सात कामे द्या आणि प्रत्येक जण सर्वांत आधी कशावर बोट ठेवतो, त्याची नोंद करा. कौल तिथेच मिळेल. माझे मत कामांच्या बाजूने आहे, कारण मजले ठाऊक असलेला वाचक कामाचे नाव ओळखू शकतो, पण नव्या सभासदाला मजले ठाऊक नसतात. वेळ आणि सुट्टी मेन्यूत ठेवूच नका. मुखपृष्ठावर सर्वांत वर ‘आज उघडे’ किंवा ‘आज बंद’ असे लिहा.

दिवाळी अंकांची नोंद एकच ठेवा आणि तिला प्रकार, वर्ष व योजना असे पैलू जोडा, म्हणजे चारही वाटा त्याच एका पानावर पोहोचतील. चार वेगळी पाने केल्यास पुढच्या वर्षी त्यांतील तीन जुनी राहतील. ‘ॲ’साठी सूची भरताना आणि शोधताना दोन्ही वेळी एकाच रूपात बदल करून घ्या. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय प्रमाणपद्धतीत सारखी अक्षरे एका रूपात आणण्याची जी नेहमीची प्रक्रिया (नॉर्मलायझेशन) आहे, तिने ही दोन रूपे एक होत नाहीत, त्यामुळे हा नियम स्वतः लिहावा लागेल. वर्णक्रमासाठी डेटाबेसमध्ये आयसीयूची (निरनिराळ्या भाषांचे वर्णक्रम पुरवणाऱ्या सॉफ्टवेअर-संचाची) मराठी क्रमवारी लावा.

धागाकर्ता

मनापासून आभार. येत्या रविवारी दोन्ही मेन्यू कागदावर लिहून चाचणी घेतो, आणि ‘वाचनालय आज उघडे आहे का?’ हे काम पहिले ठेवतो. बोरिवलीच्या सभासदांनाही येण्याची विनंती करणार आहे. आता एकच शंका उरली आहे: चिठ्ठीवर आम्ही ‘अनामत रक्कम’ लिहिले होते, पण काउंटरवर प्रत्येक जण ‘डिपॉझिट’च म्हणतो. मेन्यूत कोणता शब्द ठेवावा?