अनुभव धागा: पुटीतली सेशन्स आणि की तुम्ही कशा सांभाळता?

सर्व्हरवर काम करणाऱ्या बहुतेकांच्या विंडोज मशीनवर पुटी, म्हणजे दूरच्या सर्व्हरला सुरक्षितपणे जोडून देणारा प्रोग्रॅम, असतं. सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये आणलेला हा प्रोग्रॅम इन्स्टॉल न करताही चालतो. म्हणून अनेकांना वाटतं, फाइल पुसली की सगळं गेलं. तसं होत नाही. सेव्ह केलेली सेशन्स (प्रत्येक जोडणीची सेटिंग्ज) आणि ओळख पटलेल्या सर्व्हरच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख सांगणाऱ्या की) विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात, करंट यूजरखाली, सॉफ्टवेअर\सायमनटॅथम\पुटी या जागी बसतात आणि फाइल गेली तरी तिथेच राहतात. आपलं काय कुठे साठतं हे प्रत्येकाला माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. तुमचे अनुभव लिहा. कंपनीचं नाव आणि सर्व्हरचे पत्ते मात्र नकोत.

खराडी, सर्व्हर सपोर्ट

आमच्या टीममध्ये लॅपटॉप बदलायची वेळ आली की हा विषय निघतोच. नुसती पुटीची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गेलात तर नव्या मशीनवर सेशन्सची यादी रिकामी दिसते. मी आधी रजिस्ट्री एडिटर उघडते, वर सांगितलेल्या जागेवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करते आणि ती फाइल नव्या लॅपटॉपवर डबल क्लिक करते. सेशन्स, रंग, फॉन्ट, होस्ट की, सगळं जसंच्या तसं येतं.

येत नाही ती प्रायव्हेट की, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख पटवणारी आपली गुप्त की. ती पीपीके या पुटीच्या की-फाइलमध्ये असते आणि सेशनमध्ये फक्त तिचा पत्ता लिहिलेला असतो. म्हणून नव्या मशीनवरही फोल्डरचं नाव आणि ड्राइव्ह तेच ठेवावं, नाहीतर प्रत्येक सेशन उघडून पत्ता बदलत बसावं लागतं. आणि पासफ्रेजशिवायची (की उघडायचा पासवर्ड न लावलेली) पीपीके पेनड्राइव्हवर कधीही नेऊ नये. यावर मी नव्या मुलांशी अगदी भांडते.

आणखी एक: पुटीच्या ०.७५ आवृत्तीपासून पीपीकेचा साचा बदलला. ग्राहकाच्या मशीनवर जुनं पुटी असेल तर नवी फाइल उघडत नाही. पुटी तिथेच अपडेट करून घ्यावं. ते शक्य नसेल तर पुटीजेन या की बनवणाऱ्या जोडप्रोग्रॅममधून जुन्या साच्यात सेव्ह करता येते.

कर्वेनगर, कॉलेजची लॅब

खराडीच्या ताईंनी लॅपटॉप बदलण्याचं सांगितलं, लॅबची गोष्ट वेगळी. आमच्याकडे सगळी मुलं एकाच विंडोज लॉगिनने बसतात. रजिस्ट्री लॉगिननुसार असते, त्यामुळे सकाळच्या बॅचने सेव्ह केलेला सर्व्हर आणि युजरनेम दुपारच्या बॅचला आयतं दिसतं. म्हणून मी शिकवतो की होस्ट कीचा प्रश्न आला, तर आधी तिचं फिंगरप्रिंट (कीची ओळख सांगणारी छोटी अक्षरओळ) फळ्यावर लिहिलेल्याशी ताडायचं आणि मग ‘कनेक्ट वन्स’ निवडायचं. जोडणी होते, पण होस्ट की रजिस्ट्रीत लिहिली जात नाही. बॅच संपल्यावर कमांड प्रॉम्प्टवर पुटीपुढे ‘-क्लीनअप’ देऊन सगळं पुसतो. हे स्वतःच्या मशीनवर करू नका, सगळी सेशन्स जातील.

सिंहगड रोड, घरून काम

डिफॉल्ट सेटिंग्ज आधी लोड करा, यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिपींची अक्षरं दाखवणारी पद्धत) आणि कीपअलाइव्हचे (जोडणी तुटू नये म्हणून मधूनमधून जाणाऱ्या संकेताचे) सेकंद भरा, परत त्याच नावावर सेव्ह करा. पुढची नवी सेशन्स तशीच सुरू होतात. सेव्ह न करता ओपन केलंत तर बदल खिडकीबरोबर जातात.

शिवाजीनगर, डेटाबेस

मला लिहायचंय ते होस्ट की बदलल्याच्या इशाऱ्याबद्दल. सर्व्हर नव्याने उभा केला की हा इशारा येतोच, आणि म्हणून लोक सवयीने ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबतात. पण आपल्या आणि सर्व्हरच्या मध्ये कोणी दुसरा बसला असेल तरी इशारा अगदी असाच येतो! आमच्याकडचे एक वरिष्ठ काका दर वेळी सर्व्हर टीमला फोन लावतात आणि फिंगरप्रिंटची अक्षरं मोठ्याने वाचून घेतात. दोन मिनिटं जातात, आणि ती द्यावीतच.

रजिस्ट्रीत प्रत्येक नोंद अल्गोरिदम, पोर्ट आणि पत्ता अशी असते. त्यामुळे नावाने जोडलेला सर्व्हर आयपीने जोडला की तो पुटीला अनोळखीच. अशा वेळी गोंधळू नका, फिंगरप्रिंट आधीच्याशी ताडून पाहा.

बाणेर, सुरक्षा

एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेला पुटीचा दोष इथे यायलाच हवा. ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत पी-५२१ वक्रावरच्या ईसीडीएसए (कीचा एक प्रकार) कीने सही करताना यादृच्छिक आकड्याचे पहिले नऊ बिट कायम शून्य राहत. साधारण साठ सह्या हाती लागल्या तर प्रायव्हेट की काढता येत होती. ०.८१ मध्ये दुरुस्ती आली, पण नुसतं पुटी अपडेट करून भागत नाही. त्या आवृत्त्यांत वापरलेली अशी की फुटलीच समजायची. आम्ही प्रत्येक सर्व्हरच्या ऑथोराइज्ड कीज फाइलमधून (प्रवेशाला परवानगी असलेल्या कींच्या यादीतून) त्या ओळी काढल्या आणि ईडी२५५१९ प्रकारच्या नव्या की दिल्या.

हडपसर, नुकतीच नोकरी लागली

सर, पासवर्ड सेशनमध्ये सेव्ह करायची सोय कुठे असते? मला सापडत नाहीये.

धागाकर्ता

नाहीच ती. पुटी सेशनमध्ये पासवर्ड मुद्दाम साठवत नाही, आणि ते योग्यच आहे. तू पुटीजेनने पासफ्रेज लावलेली की बनव आणि पेजंटमध्ये, म्हणजे की मेमरीत सांभाळणाऱ्या पुटीच्या जोडप्रोग्रॅममध्ये, लोड कर. पासफ्रेज एकदाच टाकावी लागते, मग पेजंट बंद करेपर्यंत की मेमरीत राहते. म्हणून चहाला उठताना स्क्रीन लॉक कर.