१९८१ च्या आर१००आरटीला कोणत्या पेट्या बसवाव्यात?

मामाची आरटी:

नमस्कार. मामाची १९८१ ची बीएमडब्ल्यू आर१००आरटी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. मागे दोन शॉकवाली. कार्ब्युरेटर, ब्रेक, टायर सगळं मार्गी लागलं, लहान फेऱ्याही झाल्या. आता बहिणीला मागे बसवून दहाबारा दिवसांच्या प्रवासाला निघायचंय आणि माझं घोडं सामानाच्या पेट्यांवर अडलंय.

गाडीबरोबर पेट्या अडकवायच्या दोन्ही बाजूंच्या मूळ फ्रेम आल्या, पण पेटी एकच, डावी, काळ्या प्लास्टिकची. उजवी कधी आणि कुठे गेली ते मामाला विचारायची सोय आता राहिली नाही. डावीच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर तडा आहे, झाकणाचं रबर वाळून तुटलंय आणि किल्ली नाही. झाकणाच्या आत मामाच्या अक्षरात अजून वाचता येतं: "ट्यूब खाली, रेनकोट वर". ती पेटी माझ्याच्याने टाकवत नाही.

माझ्यापुढचे पर्याय असे. तशीच जुनी उजवी पेटी शोधायची आणि डावी दुरुस्त करायची. किंवा चौकोनी ॲल्युमिनियमच्या नव्या पेट्या घ्यायच्या. किंवा आजच्या प्लास्टिकच्या पेट्या, नव्या फ्रेमसकट. चेसिसला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग करायचं नाही, एवढं नक्की.

आणखी एक. मागच्या आठवड्यात मागच्या कॅरियरवर एक मोठी बॅग बांधून एकटीच जाऊन आले. ताशी १०० च्या पुढे हँडल हलकं लागायला लागलं आणि गाडी मागून वळवळली. त्याची धास्ती बसली आहे. पेट्या लावल्या तर हे कमी होईल की वाढेल?

शाफ्ट ड्राइव्ह:

ॲल्युमिनियम घ्या. सहा वर्षं वापरतोय. झाकण वरून उघडतं, त्यामुळे सामान बाहेर सांडत नाही. गाडी आडवी झाली तर पेटी चेपते पण फुटत नाही, हातोडीने ठोकून पुन्हा सरळ करता येते. मुक्कामी पोचल्यावर बसायलाही होते. चाळीस वर्षांच्या प्लास्टिकवर बहिणीचं सामान कशाला सोपवायचं?

दोन कार्ब:

ताई, पेटीचं नंतर बघू. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात खरा प्रश्न आहे, तिथून सुरुवात करतो.

कॅरियरवरचं ओझं मागच्या ॲक्सलच्याही मागे पडतं. ॲक्सल हा टेकू धरला तर मागचं वजन पुढचं चाक उचलू बघतं. तुमच्या गाडीच्या दोन्ही चाकांतलं अंतर साधारण १४६ सेंमी. समजा बॅग १२ किलोची आणि तिचा मध्य ॲक्सलच्या ४० सेंमी मागे. १२ गुणिले ४०, भागिले १४६. म्हणजे पुढच्या चाकावरून सव्वातीन किलो उतरले आणि मागच्यावर सव्वापंधरा चढले. सव्वातीन किलो ऐकायला काहीच नाही, पण ते ओझं वरच्या अंगाला आणि शेपटीच्या टोकाला असतं. गाडी जराशी डुलली की ते तिला आणखी डुलवतं. आरटीचं पुढचं मोठं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं आवरण, वारा घेतं तो वेगळाच.

बाजूच्या पेट्या खाली असतात आणि बऱ्याच पुढे, ॲक्सलच्या आसपास. त्यामुळे तेच सामान कॅरियरवरून बाजूला आणलंत तर गाडी शांत व्हायला हवी. तरीही वळवळली तर दोष पेटीच्या माथी मारू नका. स्टिअरिंगच्या दांडीचे बेअरिंग, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग, शॉक आणि टायर आधी तपासा. या गाड्यांच्या स्विंगआर्मला टेपर रोलर बेअरिंग असतात. मधल्या स्टँडवर उभी करून मागचं चाक डावी-उजवीकडे ढकला. टकटक जाणवली तर प्रवास लांबवा.

आता पेट्या. तिन्ही प्रकार मी वापरले आहेत आणि माझं मत जुन्या, अरुंद पेट्यांच्या बाजूने आहे. ॲल्युमिनियमच्या लावल्या तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप धरली तर ९८ सेंमी भरलं. माझ्या हँडलपेक्षा बरंच जास्त. पुढून गाडी फटीतून गेली की मन आपोआप समजतं, गेलो. मागे काय लटकतंय ते त्या क्षणी आठवत नाही. मी एकदा एका खांबाला घासलो, वेग पायी चालण्याइतका होता म्हणून निभावलं. त्यात पेटीच्या कडा धारदार. बहीण मागे बसणार आहे, तर तिच्या पोटऱ्या आणि पेटीची पुढची कड यांत किती जागा उरते ते तिला बसवूनच बघा. पाय टेकताना पोटरी पेटीखाली सापडली तर हाड मोडू शकतं. शिवाय उघड्या ॲल्युमिनियमची काळी भुकटी कपड्यांना लागते, आत पिशवी घालावीच लागते. शाफ्टभाऊ म्हणतात ते वरून उघडण्याचं सुख मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही. बाजूने उघडणाऱ्या पेटीत सामान एका मऊ पिशवीत भरून ती पिशवीच आत सारायची, मग सांडायचा प्रश्न राहत नाही.

पेटीपेक्षा फ्रेम महत्त्वाची, हे मी नुकसान सोसून शिकलो. माझी एक पेटी धावत्या गाडीवरून सुटली. कुलूप लागलं होतं, किल्ली माझ्या खिशात होती. पण वरचा आकडा झिजला होता आणि फ्रेमच्या नळीवर पुरता बसलाच नव्हता. पेटी रस्त्यावर घसरत गेली. मागून कुणी येत नव्हतं. त्या दिवसापासून कुलूप लावलं की दोन्ही हातांनी पेटी वर आणि बाहेर ओढून बघतो, आणि फ्रेमला वळसा घालून एक पट्टा बांधतोच. पेटी कोणत्याही कंपनीची असो.

तुमच्या फ्रेमवरचा रंग आणि गंज तारेच्या ब्रशने काढा आणि प्रत्येक वेल्डजवळ भिंगाने बघा. केसासारखी गंजाची रेघ दिसली तर ती तड असते. दोन्ही फ्रेमना मागून जोडणारी आडवी पट्टी आहे का? नंबरप्लेटच्या मागे असते. ती नसेल तर दोन्ही बाजू सुट्या सुट्या थरथरतात आणि वेल्ड तिथूनच सुटतात.

जुनी पेटी शोधताना क्राउझर (पेट्या बनवणारी कंपनी) आणि बीएमडब्ल्यू, दोन्ही नावांनी शोधा. त्या काळात बीएमडब्ल्यूच्या नावाने विकलेल्या बऱ्याच पेट्या क्राउझरनेच बनवल्या होत्या. डावी-उजवी अदलाबदल करता येत नाही आणि कड्यांची घडण वर्षांनुसार बदलत गेली. म्हणून घेण्याआधी तुमच्या पेटीच्या पाठीचा, आकडे आणि कडी दिसतील असा फोटो विकणाऱ्याला पाठवा. फ्रेमही घ्यायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा: १९८७ मध्ये आरटी पुन्हा आली ती मागे एकच शॉक घेऊन. तिची फ्रेम तुमच्या गाडीला लागणार नाही.

रेझिनवाला:

डाव्या पेटीबद्दल लिहितो, कारण ती वाचवता येईल असं वाटतं.

आधी प्लास्टिक ओळखा. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा एक थेंब टाका. मिनिटभरात पृष्ठभाग चिकट, मऊ झाला तर ते एबीएस असण्याची शक्यता मोठी. काहीच झालं नाही तर पॉलिप्रॉपिलीन असू शकतं, त्याला कुठलाही गोंद धड धरत नाही, तिथे वितळवून जोडणं किंवा पत्रा लावून रिव्हेट मारणं हेच उपाय.

एबीएस असेल तर काम सोपं आहे. तडा जिथे संपतो तिथे ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर तो पुढे सरकत राहील. तड्याच्या दोन्ही कडा आतून व्हीसारख्या घासून घ्या. एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवले की मधासारखी लापशी होते. तुकडे कुठून आणायचे म्हणाल, तर फुटके लेगोचे ठोकळे घ्या, ते एबीएसचेच असतात, काळे निवडा. आतून लापशीचा थर, त्यावर फायबरग्लासचं कापड, त्यावर पुन्हा थर. एकदम जाड थापू नका. पातळ थर द्या, प्रत्येक थर पुरता वाळू द्या, आणि शेवटच्या थरानंतर दोनतीन दिवस हात लावू नका. ॲसिटोन झटकन पेट घेतं, म्हणून काम उघड्यावर आणि आगीपासून लांब.

मामांच्या अक्षरांच्या जवळपासही ॲसिटोन जाऊ देऊ नका. त्या भागावर आधी प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने बांधून घ्या.

रबरासाठी जुन्या खाचेची रुंदी मोजा आणि पोकळ, मऊ बीडिंग आणा. भरीव रबर घातलंत तर झाकण बंद होणार नाही, जोर लावून बंद केलंत तर बिजागरी वाकेल. जोड वरच्या कडेला न ठेवता खालच्या कडेला ठेवा. कुलपाच्या तोंडावर बारीक आकडे कोरलेले असतील तर किल्ली त्या आकड्यांवरून बनवून मिळू शकते. नसतील तर कुलूपवाल्याकडे पेटीच घेऊन जा.

मामाची आरटी:

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी सगळं उघडून बसले.

ॲसिटोनने प्लास्टिक मऊ झालं, म्हणजे डावी वाचली. कुलपावर आकडे सापडले. पण उजव्या फ्रेमच्या खालच्या वेल्डवर अगदी तशीच रेघ निघाली, दोन सेंमीची. आणि मागची आडवी पट्टी नाहीच, तिच्यासाठीची भोकं तेवढी रिकामी आहेत. कदाचित उजवी पेटी का हरवली त्याचं उत्तर तिथेच असेल.

स्विंगआर्म घट्ट आहे, टकटक नाही. कॅरियर मोकळा ठेवून तोच रस्ता त्याच वेगाने पुन्हा गेले, गाडी अजिबात हलली नाही. बहिणीला मागे बसवून पोटरीचं अंतरही पाहिलं, जुन्या पेटीला चार बोटं उरतात.

तर ठरवलं: जुनीच उजवी शोधणार. फ्रेमची तड वेल्ड करून घेतली तर चालेल ना? आणि एका पेटीत वजन किती?

दोन कार्ब:

चालेल, ती फ्रेम चेसिसपासून वेगळी होते. गाडीवर ठेवून मात्र वेल्डिंग करू देऊ नका, तुमच्या १९८१ च्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, वेल्डिंगच्या करंटने ते बिघडू शकतं. फ्रेम काढून न्या. तड पुरती घासून काढायला सांगा, नुसता वरून थर नको, आणि त्या सांध्यात छोटा त्रिकोणी पत्रा भरून घ्या. आडवी पट्टी बनवायला नळी वापरा, टोकं चपटी करून भोकं पाडता येतात. परत लावताना नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) आणि रुंद वॉशर. पहिल्या १०० किमीनंतर सगळे नट पुन्हा आवळा, रंगाचा थर दबून ते सैल पडतात.

वजन एका पेटीत १० किलो, त्याच्या वर नाही. बऱ्याच पेट्यांच्या आत हाच आकडा लिहिलेला असतो. दोन्ही पेट्या आकड्याच्या काट्याला टांगून मोजा, फरक किलोभराच्या आत ठेवा. हत्यारं खाली आणि पुढच्या अंगाला. तुम्ही दोघी, पेट्या आणि सामान मिळून एकूण वजन गाडीच्या पाटीवरच्या मर्यादेत बसतं का तेही बघा, बरेचजण तिथेच चुकतात. मूळ शॉक असतील तर खालच्या खटक्याने स्प्रिंग तिसऱ्या खाचेवर न्या, मागच्या टायरची हवा दोघांच्या वजनाच्या आकड्याप्रमाणे भरा. मग अंधारात भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइटचा झोत खाली आणा. मागून बसली की तो समोरच्याच्या डोळ्यात जातो.

पट्ट्याचं बक्कल पुढच्या बाजूला घ्या आणि उरलेलं टोक दुमडून शिवून टाका. सुटं टोक चाकात जातं.

मामाची आरटी:

उद्या फ्रेम काढते. आज संध्याकाळी नव्या पट्टीचं माप घेतलं: भोकापासून भोकापर्यंत ४१ सेंमी. नळी आणली आहे.