मदत हवी आहे: बाबांच्या वर्षश्राद्धाला वाचायला कविता

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध. घरीच, नागपूरला धरमपेठेत, वीसेक माणसं. प्रवचनाऐवजी कविता वाचा, असं आईचं म्हणणं.

भा. रा. तांब्यांची ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ काढून ठेवलीय, पण आईसमोर वाचवेल की नाही शंकाच आहे. सुरेश भट जन्माने अमरावतीचे, पण आम्ही त्यांना नागपूरचेच मानतो. त्यांची ‘इतकेच मला जाताना सरणावर कळले होते’ ही गझल बाबा दाढी करताना गुणगुणायचे! ग्रेसांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) मला प्रिय, काकांच्या मात्र डोक्यावरून जातील.

मरणापेक्षा वेळ निसटण्याबद्दल, उद्याचा भरवसा नसण्याबद्दल काही सुचवा ना. बाबांचं घड्याळ अजून दहा मिनिटं पुढेच आहे, काटे मागे करायला कुणाचा हात धजत नाही. तसलं काहीतरी. तुकोबाही चालतील. मोठ्याने वाचायला सोपं हवं, दोन-तीन मिनिटांचं.