पाठ करण्याआधी हात लावून बघू दे तिला
ताई, मुलीने बी.फार्मच्या (फार्मसीच्या डिग्रीच्या) पहिल्या सेमिस्टरला ह्युमन ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीची, म्हणजे शरीराची रचना आणि त्याचं काम या विषयाची, धास्ती घेतलीये म्हणालात, आणि वर कमेंटमध्ये दोघातिघांनी सांगितलं की नुसतं पाठ कर, मला हे अजिबात पटत नाही. 206 हाडं पाठ केली तरी चार दिवसांत विसरायला होतात.

मी पण मराठी मीडियमची, नाशिकलाच शिकले, हार्टच्या व्हॉल्व्हमध्येच, म्हणजे झडपांमध्येच, अडकले होते. मग आईने भद्रकालीच्या बाजारातून बोकडाचं दिल आणून दिलं, दुकानात काळीज मागितलं की लिव्हर देतात म्हणून दिलच म्हणावं लागतं, आणि ओट्यावर सुरीने उभं कापलं तेव्हा दिसलं की डाव्या बाजूची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड, कारण डावीला रक्त अख्ख्या अंगात ढकलायचंय आणि उजवीला फक्त शेजारच्या फुफ्फुसांपर्यंत. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपांना शिवणाच्या दोऱ्यासारखे पांढरे धागे असतात ना, तेच झडप उलटी होऊ देत नाहीत. ते आजतागायत विसरले नाहीये.

मनगटाची 8 हाडं तिला स्वतःच्याच हातावर शोधू दे, करंगळीच्या बाजूला तळव्याच्या बुडाशी वाटाण्याएवढं टणक लागतं ते पिसिफॉर्म. फिजिऑलॉजीला मात्र रोज वेळ द्यायलाच हवा, नर्व्ह इम्पल्समध्ये, म्हणजे नसेतून संदेश जाताना, आधी सोडियम पेशीच्या आत येतं मग पोटॅशियम बाहेर जातं हे स्वतः कागदावर काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

माझ्या डायग्रामच्या वह्या अजून जपून ठेवल्यात, हव्या असतील तर सांगा, आनंदाने देईन.