काळं पिलू म्हणजे कडकनाथ? एका दिवसाच्या पिलाची जात दिसण्यावरून ठरवावी का?

रानमळा
हल्ली आठवडी बाजारात टोपलीतलं प्रत्येक काळं पिलू 'कडकनाथ' या काळ्या कोंबडीच्या जातीचं म्हणून खपवतात आणि दरही तसाच लावतात. माझं मत स्पष्ट आहे: पिलाच्या रंगावर जाऊन पैसे मोजू नका. उदाहरणच द्यायचं तर हैदराबादच्या संस्थेने तयार केलेली वनराज आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, दोन्ही रंगीत संकरित कोंबड्या. त्यांच्यासारखीच पिवळी, तांबूस, पाठीवर पट्टे असलेली पिलं गावरानातही निघतात. सगळी एकत्र सोडली तर कोण वेगळी काढणार?

काळीभोर
वनराज-गिरिराजबद्दल मान्य. पण दिसण्यावरून काहीच कळत नाही, हे साफ चूक. पिलू उताणं धरा आणि तळवे बघा. कडकनाथाची चोच, नडग्या, बोटं, तळवे सगळंच पाटीसारखं काळपट असतं. लव निळसर काळी, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे. ब्लॅक ऑस्ट्रोलॉर्प या दुसऱ्या काळ्या जातीचं पिलूही पाठीकडून काळंच, पण पोट आणि पंखांची टोकं पिवळट पांढरी, तळवे फिकट. ही दोन पिलं मला तरी सारखी दिसत नाहीत! असील जातीचा तुरा पहिल्या दिवसापासून बसका, तीन बारीक ओळींचा असतो; बाकी बहुतेकांची एकच रेघ. उघड्या मानेचं पिलू तर अंड्यातून तसंच बाहेर येतं.

खुराडं
काळीभोर, तळवे काळे म्हणजे जात शुद्ध, असं कुठे आहे? कातडीचा काळेपणा हा प्रभावी गुण आहे. कडकनाथ कोंबडा गावरान कोंबडीला लावला तरी पहिल्याच पिढीत, विशेषतः माद्यांमध्ये, तो उतरतो. अशी पिलं तुमच्या परीक्षेत आरामात पास होतील. मूळ कळप दाखवा म्हणावं. दाखवत नसेल तर साध्या पिलाचा दर द्या, त्याहून एक रुपया जास्त नाही.

काळीभोर
संकर सुटेल, कबूल. पण गुलाबी तळव्यांचं पिलू कडकनाथ म्हणून गळ्यात मारणारा तरी जागच्या जागी पकडला जातो ना? बाजारात मूळ कळप कोण घेऊन येतो?

पाणवठा
परसात दहा पिलं पाळणाऱ्याला जात हवी कशाला? हॅचरीची पिलं असतील तर मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचली का, ते विचारा. पिलू तरतरीत आहे का, बेंबी सुकली आहे का, बूड चिकटलेलं नाही ना, एवढं बघा आणि घ्या.

खुराडं
लसीचं बरोबर. जात मात्र परसातच जास्त नडते. वनराज, गिरिराज सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत, कडकनाथही फारशी बसत नाही. घरच्या कोंबडीखाली अंडी उबवायची ठरवून कुणी गावरान समजून वनराज आणली, तर पुढच्या वर्षी पुन्हा विकतच पिलं आणावी लागणार. वर या संकरितांची घरी काढलेली पिढी आईबापांसारखी निघत नाही. म्हणून मी हॅचरीचं नाव असलेल्या पावतीशिवाय पिलू घेत नाही.