मॉन्स्टेरा अल्बोची पानं पूर्ण पांढरी येताहेत, छाटू का?

मदत हवी आहे. ठाण्यात पूर्वेच्या खिडकीपासून दोनेक फुटांवर माझा मॉन्स्टेरा अल्बो (मोठ्या पानांचं शोभेचं झाड) आहे. आधीची पानं अर्धी हिरवी, अर्धी पांढरी, बघत राहावीत अशी. शेवटची दोन मात्र पूर्ण पांढरी. दिसतात झकास, पण हरितद्रव्यच नाही म्हटल्यावर अन्न कोण बनवणार? त्यातलं एक कडेने तपकिरी होऊन पापडासारखं कुरकुरीत झालंय. कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (हलके पांढरे खडे) नि झाडाच्या सालींचं मिश्रण आहे. बोट घालून कोरडं लागलं तरच पाणी देते.

शेवटच्या दुरंगी पानापर्यंत छाटायचं म्हणतात. तिथला डोळा फुगलाय, खोडावर हिरवी-पांढरी रेघही आहे. पण या पावसाळी हवेत कापलं तर खोड कुजेल का? की दिवाळीपर्यंत थांबू? कापल्यावर दालचिनीपूड लावता का कुणी? सासूबाई हळदच लाव म्हणताहेत.